बंधाऱ्याखाली प्राणवायू भरपूर, पुढे डोहात मात्र नाही; असे का?

मुठाकाठ:
पुण्यात बंडगार्डनच्या बंधाऱ्याखाली, पाणी फेसाळते तिथे, विरघळलेला प्राणवायू चांगला भरतो. थोडे पुढे संथ डोहात मात्र बाटलीत मँगनीज सल्फेट आणि क्षारीय आयोडाइड घातल्यावर प्राणवायू असल्याची खूण असलेला तपकिरी साका न बसता जवळजवळ पांढराच बसतो. सांडव्याने पाणी सुधारत असेल, तर ती सुधारणा टिकत का नाही? प्लेटिंगच्या (धातूचा मुलामा देण्याच्या) सांडपाण्यातले जस्त, निकेल, क्रोमियम हा प्राणवायू संपवतात का?

जलपरीक्षक:
सांडवा पाण्यात हवा कालवतो, पाण्यातली घाण काढत नाही. २५ अंश तापमानाला समुद्रसपाटीवरचे पाणी लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू धरते, पुण्याच्या उंचीवर त्याहून थोडा कमी. पाण्यातला तुटवडा जितका मोठा तितका प्राणवायू झपाट्याने शिरतो, म्हणून बंधाऱ्याच्या पायथ्याचा आकडा दिलासा देतो. पण त्याच पाण्यातल्या मैल्यावर जगणारे जिवाणू पुढे तो खाऊन टाकतात आणि संथ डोहात त्याची भरपाई होत नाही.

जस्त, निकेल स्वतः प्राणवायू खात नाहीत. लोह आणि मँगनीज खातात: जलाशयाच्या तळाशी, प्राणवायूच्या अभावी विरघळलेले लोह बाहेर पडून प्राणवायूला भिडले, की त्याच्या दर मिलिग्रॅममागे सुमारे ०.१४ मिलिग्रॅम प्राणवायू खर्ची पडतो. बाकीच्या धातूंचा घात वेगळा आहे. माशांच्या कल्ल्यांना इजा होऊन तिथे चिकटा साचतो आणि प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. शिवाय बीओडीच्या (घाण कुजवताना जिवाणू किती प्राणवायू खातात त्या मापाच्या) बाटलीतले जिवाणूही या धातूंनी दबतात, त्यामुळे विषारी पाण्याची बीओडी कमी येते आणि अहवालात ते स्वच्छ ठरते. मला सर्वांत घातक वाटते ती हीच गोष्ट. धातूंची चाचणी सोबत नसेल, तर अशा बीओडीवर विसंबू नये.

भीमाथडी:
एक पुरवणी. उंच सांडव्यावरून पाणी खोल कुंडात कोसळले, तर दाबाखाली हवा, मुख्यतः नायट्रोजन, प्रमाणाबाहेर विरघळते आणि माशांच्या रक्तात बुडबुडे धरतात. अमेरिकेत कोलंबिया नदीवरच्या धरणांखाली हा त्रास सर्वज्ञात आहे.

जलपरीक्षक:
बरोबर. मुठाकाठ, आपण डोहाचा नमुना पहाटे घ्या, कारण दिवसा शेवाळ प्राणवायू सोडते आणि खरा तुटवडा झाकला जातो; साकाही काठावरच बसवा, बाटली तशीच घरी नेऊ नका. पावसाळ्यात खडकवासला धरणातून विसर्ग सुरू झाल्यावर धातूंसाठी वेगळा नमुना जरूर घ्या: गाळात सल्फाइडशी बांधलेले धातू गाळ ढवळून हवा लागली की पुन्हा पाण्यात उतरू शकतात, आणि त्या वेळी प्राणवायूचा आकडा मात्र चांगलाच दिसतो.