२.२ पीएफचा (पिकोफॅरड) कपॅसिटर २.५ गिगाहर्ट्झलाच शॉर्ट दिसतोय, फिक्श्चरमध्ये (मोजणीच्या बोर्डात) काय चुकतंय?

गोकुळशिरगाव_आरएफ: ०४०२ साइझचा २.२ पीएफ सिरॅमिक कपॅसिटर मोजायला १.६ मिमी एफआर-४ (काचतंतूच्या सर्किट बोर्ड) वर फिक्श्चर केलंय. ३ मिमी रुंदीची मायक्रोस्ट्रिप (ग्राउंडवरची तांब्याची पट्टी, तीच सिग्नलची लाइन), दोन्ही टोकांना एज-लाँच एसएमए (बोर्डाच्या कडेचे केबल कनेक्टर), मधोमध कपॅसिटर लाइनपासून ग्राउंडला. ग्राउंड पॅडला ०.३ मिमीचा एकच व्हाया (खालच्या ग्राउंडपर्यंत जाणारं तांब्याचं भोक). व्हीएनए (नेटवर्क ॲनलायझर) केबलच्या टोकाला एसओएलटीने (शॉर्ट-ओपन-लोड-थ्रू) कॅलिब्रेट केलाय. एस२१ (पलीकडे पोचणारा सिग्नल) मध्ये २.५ गिगाहर्ट्झला खोल खड्डा येतो. डेटाशीटमध्ये सेल्फ-रेझोनन्स (जिथे कपॅसिटर स्वतःच्याच इंडक्टन्समुळे शॉर्टसारखा दिसतो) ५ गिगाहर्ट्झच्या वर आहे. पार्टच खराब आहे का?

उद्यमनगर५०ओहम: पार्ट ठीक आहे, व्हाया नडतोय. एवढ्या उंचीचा ०.३ मिमी व्हाया म्हणजे सुमारे १.३ नॅनोहेन्री. २.४ गिगाहर्ट्झला त्याचे २० ओहम होतात आणि तुमच्या कपॅसिटरचे तिथे ३०च आहेत! कपॅसिटर आणि पॅडचा मिळून अर्धा नॅनोहेन्री धरा, रेझोनन्स २.५ वर येऊन बसतो. शेजारी शेजारी चार व्हाया दिले तरी इंडक्टन्स पाव होत नाही, व्हायांमधला म्युच्युअल इंडक्टन्स आड येतो. बोर्ड ०.८ मिमीचा घ्या, व्हाया ०.५५ नॅनोहेन्रीवर उतरेल. लाइन मग १.५ मिमी रुंद.

गोकुळशिरगाव_आरएफ: टीआरएल (थ्रू-रिफ्लेक्ट-लाइन कॅलिब्रेशन) केलं तर व्हाया वजा होईल ना, दादा?

पंचगंगा_व्हीएनए: नाही होणार. थ्रू, रिफ्लेक्ट, लाइन, तिन्हींत तो व्हाया नाहीच, मग वजा कसा होईल? टीआरएल एसएमए आणि लाइन काढतं, त्यासाठी जरूर करा. पण कपॅसिटर सिरीजमध्ये, लाइनच्या गॅपवर लावा. व्हायाचा प्रश्नच मिटतो. लाइन स्टँडर्ड (कॅलिब्रेशनचा नमुना) थ्रूपेक्षा २०.५ मिमी लांब ठेवा. २ गिगाहर्ट्झला ९० अंश होतात, २० ते १६० अंशांच्या हिशोबाने साधारण ०.४५ ते ३.५ गिगाहर्ट्झपर्यंत चालते. सगळे स्टँडर्ड एकाच पॅनलवर हवेत. सिरीजमध्ये ३० ओहमची एस२१ फेज जेमतेम १७ अंश. रेफरन्स प्लेन (मोजणी जिथून सुरू धरतो ती जागा) ०.२ मिमी सरकलं की एक अंश, म्हणजे जवळजवळ २ ओहमची चूक. म्हणून पार्टचा गॅप आणि सोल्डरचा गोळा दर वेळी सारखाच ठेवा.

उद्यमनगर५०ओहम: सिरीजचं पटलं. लाइनवरचा सोल्डर मास्क काढा. पितळी एसएमए ०.५६ न्यूटन-मीटरच्या टॉर्क रेंचनेच आवळा. बोर्डखाली ॲल्युमिनियमची जाड प्लेट इथेच कोल्हापूरच्या उद्यमनगरात मिल करून घ्या, नाहीतर केबलच्या ओढीने लाँचचं सोल्डर तडकतं. आणि जुलैत एफआर-४ ओल धरतं, परमिटिव्हिटी वाढते. कॅलिब्रेशन आणि मोजणी एकाच बैठकीत उरका.