ठाण्यातून ओहायो: नोव्हेंबरच्या माजाआधी कंपाऊंड धनुष्याची तयारी

घोडबंदरकर

नमस्कार मंडळी. ओहायोत राहणाऱ्या भाऊजींनी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात व्हाइटटेल हरणाच्या शिकारीला बोलावलंय. मक्याचं शेत, त्याला लागून ओकचं रान. मालकाची परवानगी आहे, बंदूक नाही, फक्त धनुष्य.

माझा सराव क्लबवरचा: कंपाऊंड (टोकांना कप्प्या असलेलं धनुष्य), ५० मीटर, ८० सेंमीचा फेस (नेमाचा कागद). ड्रॉ वेट (ओढायला लागणारा जोर) ५८ पौंड, ड्रॉ लेंग्थ (ओढीची लांबी) २८ इंच, बाण ३३० ग्रेनचे (ग्रेन हे बाणाच्या वजनाचं माप), वेग साधारण २८५ फूट प्रति सेकंद. शिकारीचा अनुभव शून्य.

हेच धनुष्य चालेल की दुसरं बघू? झाडावरच्या मचाणावरून खाली मारायचा सराव इथे कसा करायचा? आठवडाभरच सुट्टी आहे, तर नेमके कोणते दिवस धरू? आणि येऊरच्या बाजूला एखादी मोकळी जागा सरावाला चालेल का?

येऊरचा_पायथा

शेवटचा प्रश्न आधी. येऊर डोक्यातून काढून टाका. वरचं रान संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं. लेखी परवानगीशिवाय तिथे हत्यार घेऊन शिरणं हाच वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे, बाण सुटला नाही तरी. "टार्गेट लावत होतो" हे तिथे कोणी ऐकून घेणार नाही, कारण चितळ आणि सांबर दोन्ही त्याच रानात आहेत. शिकारीचे परवाने आपल्याकडे १९९१ च्या दुरुस्तीने कायमचे गेले. सराव क्लबच्या रेंजवरच करायचा. सोसायटीची गच्ची आणि खाडीकाठही नको.

येताना शिंगं किंवा मांस आणायच्या भानगडीत पडू नका. कस्टमच्या टेबलावर ते हरीण कुठलं हे पटवत बसावं लागेल. शिंगं भाऊजींच्या भिंतीवर शोभतील.

प्रत्यंचा_नेरुळ

धनुष्य हेच न्या. ५८ पौंड व्हाइटटेलला पुरून उरतात. बाण मात्र सगळे बदला.

३३० ग्रेनचा बाण २८५ च्या वेगाने म्हणजे ऊर्जा साधारण ५९.५ फूट-पौंड. त्याच धनुष्यातून ४२० ग्रेनचा बाण २५५ च्या आसपास जाईल, ऊर्जा ६०.७. फरक नगण्य वाटतो. पण संवेग बघा: ०.४१७ वरून ०.४७५, म्हणजे जवळपास १४ टक्के जास्त. कातडी आणि बरगडीतून आरपार जायला हाच कामी येतो. जड बाणाने धनुष्याचा आवाजही कमी होतो, आणि हरणाच्या बाबतीत ते वेगापेक्षा महत्त्वाचं आहे. पुढे कोणीतरी लिहीलच त्यावर.

स्पाइन (बाणाचा ताठपणा): तुमच्या ड्रॉ वेटला ४०० काठावर येतो. टोकाला वजन वाढवलं की बाण आणखी लवचीक वागतो, म्हणून ३४० किंवा ३५० घ्या (आकडा जितका लहान तितका बाण ताठ). १०० ग्रेनचा ब्रॉडहेड (धारदार पात्यांचं शिकारीचं टोक) आणि ५० ग्रेनचा पितळी इन्सर्ट (टोक बसवायचा आतला तुकडा) लावा. मग बाण बोटावर तोलून बघा. बाण २८.५ इंच असेल आणि तोल नॉकच्या (प्रत्यंचेवर बसणारं मागचं टोक) खाचेपासून १७.७५ इंचांवर येत असेल, तर मध्यापासून ३.५ इंच पुढे, म्हणजे एफओसी (तोल मध्याच्या किती पुढे, लांबीच्या टक्क्यांत) १२.३ टक्के. १० ते १५ च्या मध्ये आहे, छान.

टार्गेटच्या बुटक्या, सरळ चिकटवलेल्या व्हेन (बाणाच्या मागची पिसं) ब्रॉडहेडला सांभाळत नाहीत. पुढची पाती स्वतःच पंखासारखी वागतात आणि बाण भरकटवतात. उंच व्हेन लावा, २ ते ३ अंश हेलिकल (पिळाने चिकटवलेल्या). ब्रॉडहेड फिक्स्ड घ्या, सव्वा इंचाच्या आतला, टोकापासूनच कापत जाणारा. उघडणाऱ्या पात्यांचा ब्रॉडहेड फील्ड पॉइंटसारखा (सरावाचं साधं टोक) उडतो हे खरं, पण उघडताना ऊर्जा खातो. ७० पौंडवाल्यांना ते परवडतं.

साइटची भिंगवाली स्कोप काढा. झुंजुमुंजूला त्यात काही दिसत नाही. २०, ३० आणि ४० यार्डांच्या तीन पिना (साइटमधले नेमाचे ठिपके) आणि मोठ्या भोकाचा पीप (प्रत्यंचेत बसवलेली नेमाची कडी) लावा. ३० इंची स्टॅबिलायझर (धनुष्याच्या तोलाचा दांडा) फांद्यांत अडकतो, ८-१० इंचांचा पुरे.

आणि हो, यार्ड. आपण सगळे मीटरवाले. १८ मीटरची इनडोअर लाइन म्हणजे जवळपास २० यार्ड, तिथवर ठीक. पण ४० यार्ड म्हणजे ३६.६ मीटर. रेंजफाइंडर मीटरवर राहिला आणि पीन यार्डाची, की बाण पोटाखालून गेलाच म्हणून समजा. आजच सेटिंग बदला.

वारा_बघून

तारखा: ५ ते १२ नोव्हेंबर.

व्हाइटटेलचा माज दिवसाच्या लांबीवर ठरतो, थंडीवर नाही. त्यामुळे उत्तरेकडच्या राज्यांत तो दरवर्षी जवळपास त्याच तारखांना येतो, बहुतेक माद्या १० ते २० नोव्हेंबरच्या दरम्यान फळतात. थंडी पडली की नर दिवसाउजेडी जास्त फिरतात एवढंच. आपल्या चितळांत एका नराची शिंगं मखमलीत (वाढत्या शिंगांवरची लवदार कातडी) आणि शेजारच्याची पक्की असं एकाच वेळी दिसतं. तसं तिकडे नसतं, सप्टेंबरच्या सुरुवातीलाच बहुतेक सगळ्यांची मखमल उतरलेली असते.

मग १५ ला का जायचं नाही? मादी माजावर एक-दोन दिवसच असते, आणि तेवढा वेळ नर तिला सोडत नाही. दोघं दाट झुडपात बसून राहतात. सगळ्या माद्या एकदम माजावर आल्या की रान रिकामं वाटायला लागतं. त्याच्या आदल्या आठवड्यात नर पिसाटल्यासारखे मादी शोधत हिंडतात, तुम्हाला तेच दिवस हवेत. शिंगांचा खडखडाट आणि ग्रंट कॉलही (नराच्या हुंकाराची नक्कल) तेव्हाच लागू पडतात.

बसायचं कुठे? माद्या जिथे दिवसा बसतात त्या झाडीच्या वाऱ्याखालच्या (वारा जिकडे वाहत जातो त्या) कडेला. नर आत शिरत नाही. त्या कडेने वास घेत चालत जातो, एका फेरीत सगळ्या माद्या तपासून होतात. तुमचा वास त्याच्या वाटेवर जाणार नाही असं झाड निवडा. सकाळी ऊन चढलं की हवा उताराने वर सरकते, संध्याकाळी खाली उतरते. म्हणजे सकाळचं मचाण आणि संध्याकाळचं मचाण एकच असेलच असं नाही. या दिवसांत दहा वाजता घरी नाश्त्याला जाऊ नका. १० ते २ मध्ये नर हलतो.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडे घड्याळ तासभर मागे जातं. वेळ अर्धा तास सूर्योदयाआधी ते अर्धा तास सूर्यास्तानंतर, मोबाइलवर रोज बघा. शिकारीचं लायसन्स वेगळं, हरणाचा परमिट वेगळा. हंटर एज्युकेशनचं प्रमाणपत्र लागतं, नसेल तर लायसन्सवाल्या माणसाच्या सोबतीने अ‍ॅप्रेंटिस लायसन्सवर जाता येतं. मालकाची परवानगी लेखी खिशात हवी. शिंगवाला नर वर्षाला एकच. मिळाला की दुसऱ्या दिवशी दुपारी १२ च्या आत गेम-चेक (शिकारीची सरकारी नोंद).

घोडबंदरकर

खूप आभार. एकच अडचण: क्लबवर ब्रॉडहेड लावू देत नाहीत, बट (बाण रुततो ते टार्गेट) फाटतो म्हणून. मग ट्यूनिंग काय तिकडे गेल्यावर?

प्रत्यंचा_नेरुळ

क्लबचं बरोबर आहे. पाती बटात रुततात आणि बाण उपटताना हात कापतो.

इथे बेअर शाफ्टवर काम भागवा. नव्या बाणांपैकी दोनांच्या व्हेन काढा आणि तेवढ्याच वजनाची टेप मागे गुंडाळा. फील्ड पॉइंट १०० ग्रेनचाच. १८ मीटरवर तीन व्हेनवाले आणि दोन उघडे मारा. उघडे डावीकडे पडले तर रेस्ट (बाण टेकायचा आधार) उजवीकडे, खाली पडले तर रेस्ट वर. एका वेळी १/३२ इंच, म्हणजे एक मिलिमीटरही नाही. आधी वर-खाली सोडवा, मग डावं-उजवं, दोन्ही एकदम फिरवू नका. उघडे आणि व्हेनवाले एका मुठीत येऊ लागले की ब्रॉडहेड बहुतेक मागोमाग येतोच. तिकडे पोचल्यावर फोमच्या टार्गेटवर ३० यार्डांना खात्री करा.

निघण्याआधी डी-लूपची (रिलीज अडकवायचा प्रत्यंचेवरचा फास) जागा, पीपची उंची, अ‍ॅक्सल ते अ‍ॅक्सल (दोन्ही टोकांच्या कप्प्यांमधलं अंतर), ब्रेस हाइट (पकडीपासून प्रत्यंचेपर्यंतचं अंतर) आणि रेस्टची जागा मोजून कागदावर लिहा, लिंब बोल्टवर (धनुष्याचे वरचे-खालचे हात धरणारे बोल्ट) मार्करची रेघ मारा. धनुष्य, बाण, रिलीज (प्रत्यंचा सोडायचं हातातलं साधन) सगळं चेक-इन सामानात, कडक केसमध्ये, ब्रॉडहेड झाकणाच्या डबीत. पावसाळ्यानंतर इथल्या दमटपणाने बोल्ट आणि कॅमच्या (कप्प्यांच्या) पिना गंजलेल्या असतात, त्याही बघा. स्ट्रिंग बदलायची असेल तर आत्ताच बदला. नवी स्ट्रिंग पहिल्या शे-दोनशे बाणांत थोडी ताणते आणि पीप फिरतो.

उभा_आडवा

मचाणाचं बोलतो. अंतराची भीती उगाच असते. २० फुटांवर बसलात आणि हरीण जमिनीवरून २० यार्डांवर असेल, तर नजरेच्या रेषेत २१.१ यार्ड. पीन तीच. बाण चुकतो तो ढबीमुळे: माणूस कंबरेत न वाकता धनुष्याचा हात खाली झुकवतो, त्याने ड्रॉ लेंग्थ आणि अँकर (ओढल्यावर हात चेहऱ्याला टेकायची जागा) दोन्ही बदलतात आणि बाण वर जातो. आधी समोर सरळ नेम धरून धनुष्य ओढा, हात आणि पाठीचा टी तयार करा, मग कंबरेतून वाका. याला उंची लागत नाही. रेंजवर १० मीटरवर बटाच्या पायाशी कागद लावा आणि स्टुलावर बसून मारा.

जाड जॅकेट घालून मारा. ऑक्टोबर हीटमध्ये घाम फुटेल, लोक हसतील, हसू द्या. तिकडे पहाटे शून्याच्या आसपास असतं आणि स्ट्रिंग बाहीला घासली की बाण हातभर बाजूला. बाहीवरून आर्मगार्ड बांधा. ओढून ३० सेकंद धरायचं आणि न सोडता परत आणायचं, हेही रोज पाच वेळा. हरीण झाडाआड थांबतं तेव्हा हेच करावं लागतं.

हार्नेस (पडू नये म्हणून अंगाला बांधायचा पट्टा) जमिनीवरूनच दोरीला अडकवा, वर पोचल्यावर नाही. धनुष्य दोरीने वर ओढा, बाण नॉकला न लावता.

आता बाण कधी सोडायचा. फुप्फुसाचा भाग जेमतेम ८ इंचांचा. हरीण पूर्ण आडवं किंवा तोंड पलीकडे वळवून तिरकं उभं असेल तेव्हाच. तिरक्याला पलीकडच्या पुढच्या पायावर नेम धरा. समोरून येणाऱ्यावर बाण सोडायचा नाही, कितीही मोठी शिंगं असोत. चालत असेल तर तोंडाने हलकं "मॅऽ" करा, थांबतो.

३० यार्डांवर तुमचा बाण साधारण ०.३५ सेकंदात पोचतो, आवाज ०.०८ मध्ये. उरलेल्या पाव सेकंदात दचकलेलं हरीण उडी घेण्यासाठी पाय दुमडतं आणि छाती काही इंच खाली जाते. म्हणून नेम छातीच्या खालच्या तिसऱ्या भागावर. ५० मीटरवर पिवळ्यात मारता म्हणून ४० यार्डांचा मोह धरू नका. पहिल्या वर्षी २५ ही हद्द.

लागल्यावर लगेच उतरू नका. बाणावर गुलाबी, फेसाळ रक्त असेल तर फुप्फुस, अर्धा तास थांबा. गडद लाल म्हणजे यकृत, चार ते सहा तास. हिरवट आणि घाण वास आला तर पोटात लागलाय, आठ-बारा तास त्या दिशेला फिरकू नका. आधी उठवलंत तर ते मैलभर जाऊन पडेल आणि सापडणार नाही.

घोडबंदरकर

आज १८ मीटरवर बघितलं. व्हेनवाले मध्यात, दोन्ही उघडे चार इंच डावीकडे आणि इंचभर खाली. रेस्ट उजवीकडे दोनदा सरकवला, फरक नाही.

प्रत्यंचा_नेरुळ

आधी खालचं सोडवा म्हटलं होतं ना! रेस्ट १/३२ वर घ्या. डाव्या-उजव्याला रेस्ट दाद देत नसेल तर पकड बघा. तळव्याची बाहेरची बाजू ग्रिपवर दाबली जात असेल तर धनुष्य हलकं पिळतं आणि उघडा बाण ते लगेच दाखवतो. अंगठ्याखालच्या गादीवर धरा, बोटं सैल, पुन्हा पाच बाण. तरीही डावीकडेच राहिले तर बाण ताठ पडतोय: ड्रॉ वेट पौंडभर वाढवा. स्पर्धेची ६० ची मर्यादा आहेच, तुम्ही ५८ वर, तेवढी जागा आहे. लिंब बोल्टचा पूर्ण फेरा साधारण दोन-तीन पौंडांचा, तेव्हा अर्ध्यापेक्षा कमी, आणि वर-खाली दोन्ही बोल्ट सारखेच.