भर गर्दीत एफआरव्ही तातडीने कशी न्यायची? चौराहे, सायरन आणि ब्रेक

रामबागकर:
नमस्कार मंडळी. आपल्या इंदूरच्या मराठी मुलांपैकी काही जण डायल 112 च्या पोलीस गाड्यांवर (एफआरव्ही, म्हणजे कॉल आल्यावर आधी पोहोचणारी गाडी) पायलट, म्हणजे चालक म्हणून लागताहेत. त्यांच्यासाठी एक टिपण तयार करतोय. गाडी सगळ्यांना चालवता येते, लायसन्स पक्कं आहे. अडतं ते इमर्जन्सी कॉलवर. संध्याकाळी सात वाजता ए.बी. रोड तुंबलेला, पलासियाला सिग्नल लाल, सायरन चालू आणि समोरच्याला कुठे सरकावं तेच कळत नाही, अशा वेळी नेमकं काय करायचं? स्पीड किती ठेवायचा, लाल सिग्नल कसा ओलांडायचा आणि सायरनचे ते तीन वेगवेगळे टोन कशासाठी असतात? मोघम 'सावकाश चालवा' नको, हातापायांनी काय करायचं ते सांगा.

स्टिअरिंग_नऊतीन:
रामबागकर, आधी एक हिशेब टिपणात सगळ्यात वर लिहा. 4 किलोमीटर अंतर 60 च्या स्पीडने 4 मिनिटांत होतं आणि 80 ने 3 मिनिटांत. म्हणजे जीव धोक्यात घालून मिळालं ते एक मिनिट, आणि तेही रस्ता पूर्ण मोकळा असेल तर. सात वाजता रसोमा ते गीता भवन सलग 80 राहूच शकत नाही. उलट एका लाल सिग्नलवर सहज दीड मिनिट जातं. असे चार सिग्नल न थांबता पार केले की सहा मिनिटं वाचली. वेळ वाचतो तो चौराह्यावर, आणि माणसं मरतात तीही चौराह्यावरच. म्हणून शिकवायचं असेल तर चौराहा शिकवा.

चौराह्याच्या 40-50 मीटर आधी ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा आणि ब्रेकवर नुसता टेकवून ठेवायचा. दाबायचा नाही, टेकवायचा. यामुळे दचकल्यावर पाय उचलून ब्रेकवर नेण्यात जाणारा जवळजवळ अर्धा सेकंद वाचतो. स्पीड इतका खाली आणायचा की स्टॉप लाइनच्या आत गाडी पूर्ण उभी राहू शकेल. मग एकेक लेन मोकळी करून घ्यायची. आपण डावीकडून चालतो, म्हणून पहिला धोका उजवीकडून येणाऱ्या लेनचा. तिथली गाडी खरोखर थांबली आहे का ते बघा, 'थांबेल' यावर जाऊ नका. चालकाचा चेहरा तुमच्याकडे वळलेला दिसला पाहिजे. मग बोनेट त्या लेनसमोर. तिथे पुन्हा क्षणभर दम, आणि पुढची लेन. मधला भाग ओलांडला की नजर डावीकडे. हे सगळं चालण्याच्या वेगाने होतं, आणि लाल सिग्नलवर अडकलात त्याच्या मानाने ते काहीच नाही. पूर्ण ओलांडल्यावर मग पाय द्या.

सगळ्यात वाईट अपघात कसा होतो ते मुलांना कागदावर काढून दाखवा. उजवीकडच्या पहिल्या लेनमध्ये सिटी बस तुमच्यासाठी थांबते. पायलटला वाटतं रस्ता मिळाला आणि तो पाय देतो. बसच्या पलीकडच्या लेनमधून ॲक्टिवावाला येतो, त्याला हिरवा आहे, तुमची गाडी त्याला बसमुळे दिसतच नाही. बस किंवा ट्रक थांबला असेल तर तिच्या नाकापाशी पूर्ण थांबा. नुसतं हळू होऊन भागत नाही.

दुचाकीवाल्याचं काय चाललंय ते त्याच्या पायावरून कळतं. पाय जमिनीवर टेकलेला असेल तर तो थांबणार. पाय उचलला की तो निघाला. कारचं पुढचं चाक बघा, बॉडी हलण्याआधी चाक वळतं.

विजयनगर_कायदा:
कायद्याचा भाग थोडक्यात. मोटर वाहन (ड्रायव्हिंग) विनियम 2017 प्रमाणे इमर्जन्सी वाहनाला लाल सिग्नल ओलांडण्याची, स्पीड लिमिट मोडण्याची मुभा आहे, पण इमर्जन्सी असेल, सायरन आणि फ्लॅशर चालू असेल आणि पुरेशी काळजी घेतली असेल तेव्हाच. ही मुभा आहे, माफी नाही. कुणाला उडवलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम 281 आणि मृत्यू झाला तर 106 पायलटलाही तसंच लागू होतं. प्राधान्याचा क्रमही ठरलेला आहे: आधी अग्निशमन, मग रुग्णवाहिका, मग पोलीस. चौराह्यावर बंब आणि तुम्ही एकदम आलात तर तुम्ही थांबायचं. रस्ता न देणाऱ्या सामान्य चालकाला कलम 194-ई खाली 10,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, पण तो हिशेब नंतरचा. तेव्हा रस्त्यात गाडी थांबवून वाद घालायचा नाही.

आणि एक गोष्ट हमखास विसरली जाते. चोरी चालू आहे असा कॉल असेल तर चोर सावध होऊ नये म्हणून आपण सायरन बंद करतो. ज्या क्षणी तो बंद केला, त्या क्षणापासून तुम्ही साधी गाडी. सिग्नल लाल असेल तर थांबायचं.

पोंगा_आणि_पट्टी:
सायरनवर मी लिहितो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत.

तीन टोन असतात. वेल म्हणजे लांबलचक वरखाली जाणारा, येल्प म्हणजे तोच पण भराभर, आणि हाय-लो म्हणजे दोन सुरांचा. सरळ मोकळ्या रस्त्यावर वेल. चौराह्याच्या आधी 40-50 मीटरवर येल्प. टोन बदलला की कानाला नवीन काहीतरी ऐकू येतं आणि माणूस मान वळवतो. एकच टोन पाच मिनिटं वाजत राहिला तर तो मंडईच्या गोंगाटातलाच एक आवाज होतो. चौराह्यात शिरताना एअर हॉर्न असेल तर दोन छोटे ठोके.

आता मर्यादा. अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. त्यावर बंद काचा, एसी आणि गाणी. समोरच्या बंद कारमध्ये सायरन नीट पोहोचतो तोवर तुम्ही पुष्कळदा पन्नास मीटरच्या आत आलेले असता. तुम्ही 60 ने येताय म्हणजे सेकंदाला जवळजवळ 17 मीटर. त्याच्याकडे उरले तीन सेकंद. त्यातले दोन 'हा आवाज कुठून येतोय?' यातच जातात, कारण दोन्ही बाजूंच्या इमारतींवरून आवाज परततो आणि कानाला दिशा कळत नाही. उरलेल्या एका सेकंदात तो बिचारा जिथे आहे तिथेच ब्रेक मारतो. मग पायलट चिडतो की रस्ता देत नाही. तो देणार होता, तुम्ही त्याला वेळच दिला नाहीत. वेग वाढवला की सायरन तुमच्या पुढे कमी आणि तुमच्याबरोबरच जास्त पळतो.

दोन गाड्या एकाच कॉलवर निघाल्या तर दोघींचे टोन वेगळे ठेवा आणि मध्ये बरंच अंतर. लोक पहिली गेली की सुटकेचा श्वास टाकून लगेच पुढे सरकतात, आणि धडक दुसरीला बसते. तुमचा स्वतःचा सायरन चालू असताना दुसऱ्या गाडीचा ऐकूच येत नाही, म्हणून कोणत्या बाजूने येताय ते वायरलेसवर आधीच सांगायचं.

रामबागकर:
फार उपयोगी, धन्यवाद. अजून दोन गोष्टी. पुढची गाडी हलतच नसेल तर तिच्या मागे लागून रेटायचं का? आणि पावसात काय बदलतं? नवीन गाड्या स्कॉर्पिओ एन आणि बोलेरो निओ आहेत, त्यांचं काही वेगळं?

स्टिअरिंग_नऊतीन:
रेटायचं नाही, भाऊ. मागे चिकटलात तर तुमचे दिवे त्याला आरशात दिसतच नाहीत, आरसाभर नुसतं बोनेट दिसतं. चालत्या वाहतुकीत 20-25 मीटर मागे राहा आणि थोडं उजवीकडे सरका, म्हणजे त्याच्या उजव्या आरशात तुमची निळी-लाल पट्टी येईल आणि तो आपोआप डावीकडे सरकेल. डिव्हायडरची बाजू धरून ठेवा. आज डावीकडून, उद्या उजवीकडून, असं साप चालल्यासारखं केलं की कुणालाच कळत नाही कुठे सरकायचं. कधीकधी आधी डावीकडे होणारा माणूस ऐनवेळी उजवीकडे येतो. म्हणून ओव्हरटेक करताना वाहतुकीपेक्षा तुमचा वेग 15-20 ने जास्त असेल इतपतच. बाकीचे 25 ने सरकताहेत आणि तुम्ही 70, हे नको. सगळे उभे असतील तर तुम्ही 20.

आता ब्रेकचं गणित. कोरड्या डांबरावर, धोका दिसल्यापासून पाय पडेपर्यंत दीड सेकंद धरून, 40 ला गाडी थांबायला साधारण 26 मीटर, 60 ला 45 आणि 80 ला जवळजवळ 70 मीटर लागतात. ओल्या रस्त्यावर 60 ला 60 मीटर. पहिल्या पावसात, धुळीवर आणि तेलावर पाणी पडतं तेव्हा याहून जास्त.

दोन्ही गाड्या लॅडर चेसिसवर (शिडीसारख्या सांगाड्यावर), उंच, मागच्या चाकांवर चालणाऱ्या. वर लाइटबार, मागे सामान. उंच गाडी झटक्यात वळवली की ती आधी एका बाजूला झुकते आणि उलट वळवलं की त्याहून जास्त दुसऱ्या बाजूला. उलटतात त्या दुसऱ्या झटक्यात. वळणाच्या आधी सरळ रेषेत ब्रेक संपवा, मग वळा, मग हळू पाय द्या. वळणात ब्रेक नाही. अचानक कुणी आडवं आलं तर एबीएसवर पूर्ण जोराने दाबा आणि दाबूनच ठेवा. पेडल पायाखाली थरथरतं, टकटक करतं, त्याने घाबरून पाय ढिला सोडू नका. चाकं लॉक होत नाहीत म्हणूनच त्या वेळी स्टिअरिंगही फिरवता येतं. हात घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी.

शिफ्ट सुरू होताना पाच मिनिटं: टायरची हवा थंड असताना, दारावरच्या पट्टीवर लिहिल्याप्रमाणे, टायरवरच्या खाचांची खोली 1.6 मिलिमीटर ही कायद्याची शेवटची हद्द, तिथपर्यंत थांबू नका. ब्रेक ऑइल, वायपर, दिवे, सायरन. पेडल नेहमीपेक्षा खोल जात असेल तर गाडी काढायची नाही. मागे सुटी वस्तू नको, स्ट्रेचर, बॅटन, पाण्याची बाटली सगळं बांधलेलं. जोरात ब्रेक लागला की बाटली घरंगळत येते आणि पेडलखाली अडकते.

लोकमान्यनगर_माळवा:
वरच्या सगळ्याला जोड. पायलटने फक्त गाडी चालवायची. वायरलेस, टॅबलेटवरचा नकाशा, सायरनची बटणं आणि डाव्या बाजूची नजर हे शेजारच्या शिपायाचं काम. त्याने मोठ्याने म्हणायचं: 'डावीकडे मोकळं', 'डावीकडे स्कूटर, थांब'. आणि 'चला चला, लवकर' असं कधीच म्हणायचं नाही. छाती धडधडायला लागली की नजरेचा कोन अरुंद होतो, मधलं तेवढं दिसतं, कडेचं नाहीसं होतं. यावर लंडनच्या हेंडनसारख्या पोलीस ड्रायव्हिंग शाळांत शिकवतात तो उपाय आहे: जे दिसतंय ते बोलत चालवायचं. 'पुढे कट आहे, रिक्षा उभी आहे, आरशात दुचाकी.' बोलायला लागलं की नजर फिरती राहते. रोज साध्या गस्तीत दहा मिनिटं सराव करा, कॉलवर आपोआप येईल.

राजवाडा, सराफा, जवाहर मार्ग हा वेगळाच विषय. तिथे सायरन लावून काही उपयोग नाही, माणसं सरकणार कुठे? दुकान आणि गाडी यांच्यात हातभर जागा. सायरन बंद, दिवे चालू, स्पीड चालण्याचा. रात्री सराफ्यात खाणाऱ्यांची पाठ रस्त्याकडे असते, हातात गरम गराडू, कान बोलण्यात. शिपायाने उतरून पुढे चालावं आणि हाताने वाट करावी. शेवटच्या तीनशे मीटरसाठी गाडी लावून दोघांनी पळत जाणं बहुधा लवकर होतं. कंट्रोलला फक्त कळवा की गाडी कुठे लावली आहे.

सिग्नलच्या टाइमरचंही लिहा. आडव्या रस्त्याच्या लाल सिग्नलचा आकडा 3 वर आला की दुचाकीवाले निघतात, शून्याची वाट बघत नाहीत. तुम्ही चौराह्यात शिरताना तो आकडा 5 च्या खाली असेल तर थांबा, पहिली लाट जाऊ द्या किंवा ती लाट उभी राहिलेली डोळ्यांनी बघा, मगच.

आणि मुलांना ग्रीन कॉरिडॉरचे व्हिडिओ दाखवून शिकवू नका. 2015 पासून आपल्याकडे अवयवदानासाठी कॉरिडॉर होतात, शहराला त्याचा अभिमान वाटावा असंच ते काम आहे, पण तिथे प्रत्येक चौराह्यावर ट्रॅफिकचा जवान उभा असतो आणि आडवी वाहतूक आधीच अडवलेली असते. 112 च्या कॉलवर तुमच्यासाठी कुणीही काही अडवलेलं नसतं.

रामबागकर:
काका, शेवटचा प्रश्न. चेन खेचून बाइकवर पळणारा समोर दिसला तर पाठलाग?

लोकमान्यनगर_माळवा:
बाजारात नाही. बाइक दोन फुटांच्या फटीतून जाते, तुमची गाडी जात नाही, आणि मागे गाडी लागली की तो फुटपाथवर चढतो. नंबर, रंग, हेल्मेट, मागे बसलेल्याचा शर्ट, कोणत्या चौराह्यावरून कुठे वळला, हे शिपायाने लगेच वायरलेसवर द्यायचं. मालवा मिलकडून पाटणीपुऱ्याकडे गेला असं वेळेत कळलं तर पुढची गाडी आधीच तिथे उभी राहते. तुम्ही दिवे बंद करून नेहमीच्या वेगाने मागून या.