मूनशाइन, ब्लॉकेड, गावठी : मराठीत काय म्हणावं?

पाटीपेन्सिल
एका अमेरिकन दीर्घकथेचा अनुवाद करते आहे. काळ १९३०च्या आसपासचा, जागा व्हर्जिनियाचा डोंगराळ भाग. कथेत चोरून दारू गाळणारी आणि विकणारी माणसं आहेत. त्यांच्यासाठी लेखकाने मूनशाइनर, ब्लॉकेडर, बूटलेगर असे तीन शब्द वापरलेत. सगळीकडे 'हातभट्टीवाला' केलं, तर ही माणसं व्हर्जिनियातून उठून थेट मुंबईच्या वस्तीत आल्यासारखी वाटतात. 'मूनशाइन' तसाच ठेवावा का? त्याचा चंद्राशी काही संबंध आहे का? आणि तिथल्या एकूण परिस्थितीला लेखक 'लॉलेसनेस' म्हणतो, त्याला 'अराजक' चालेल का?

रानवारा
सरळ 'गावठी' करा, वाचणाऱ्याला लगेच कळतं. चंद्राचं म्हणाल तर ही मंडळी रात्री चांदण्यात दारू गाळायची, म्हणून मूनशाइन, असं वाचलंय.

घाटमाथा
चांदण्यात गाळायचे म्हणून मूनशाइन, हे स्पष्टीकरण सगळीकडे सापडतं, पण शब्द अमेरिकेतल्या भट्ट्यांहून जुना आहे. इंग्लंडात त्याचा एक अर्थ 'पोकळ गोष्ट, नुसत्या बाता' असा होता. फ्रान्सिस ग्रोसने १७८५ साली बोलभाषेतल्या हलक्या समजल्या जाणाऱ्या शब्दांचा कोश काढला. त्यात हा अर्थ आहेच, शिवाय केंट आणि ससेक्सच्या किनाऱ्यावर चोरून उतरवलेली पांढरी ब्रँडी आणि यॉर्कशरच्या उत्तर भागातली जिन यांनाही मूनशाइन म्हणतात, अशी नोंद आहे. म्हणजे शब्द आधी तस्करीच्या मालाचा. दारू कुठे गाळली, कशातून गाळली, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. माल करापासून लपवलेला, एवढंच तो सांगत होता. रात्र त्यात आहे, पण ती भट्टीची नव्हे, वाहतुकीची.

हे लांबवून सांगतोय, कारण 'गावठी' आणि 'हातभट्टी' हे दोन्ही शब्द दारू कशी केली ते सांगतात आणि करावर काहीच बोलत नाहीत. अमेरिकेतल्या खेड्यांत भांडण सगळं कराचं होतं.

१७९१ साली अमेरिकेचा अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टनने देशी व्हिस्कीवर कर बसवला. पेनसिल्व्हेनियाच्या पश्चिमेकडचा शेतकरी राय नावाचं धान्य पिकवायचा आणि त्याच्या नि बाजाराच्या मध्ये डोंगर होते. तेव्हाचा हिशेब असा सांगतात : घोड्याच्या पाठीवर धान्य लादलं तर चार बुशेल (धान्य मोजायचं तिथलं माप) जायचं, तेच गाळून पिंपांत भरलं तर चोवीस बुशेलांची दारू एका खेपेत पोचायची. रोख पैसा दुर्मिळ, त्यामुळे मजुरी आणि उधारी व्हिस्कीतच चुकती व्हायची. कर मात्र रोख मागितला. १७९४च्या जुलैत लोकांनी कर तपासनीस जॉन नेव्हिलचं घर जाळलं आणि शेवटी राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनने जवळजवळ तेरा हजारांची फौज पाठवली.

शब्दचर्चेच्या दृष्टीने त्या उठावातली सगळ्यात बोलकी गोष्ट म्हणजे 'टॉम द टिंकर' हे नाव. टिंकर म्हणजे गावोगाव फिरून भांडी सांधणारा, आपल्याकडच्या कल्हईवाल्याच्या जवळचा. जो भट्टीवाला गुपचूप कर भरायचा त्याच्या भट्टीचं तांबं रात्री कोणीतरी गोळ्या घालून चाळणी करून जायचं. आजूबाजूला त्याला 'भट्टी दुरुस्त केली' असं म्हणत. धमकीच्या चिठ्ठ्यांखाली सही असायची टॉम द टिंकरची. या नावाचा कोणी एक माणूस नव्हताच, ते सगळ्यांचं मिळून नाव होतं. 'टॉम कल्हईवाला' असं भाषांतर मी बेधडक करीन.

जेफरसनच्या काळात, १८०२मध्ये तो कर गेला. पुढे १८१२च्या युद्धाच्या खर्चासाठी थोडी वर्षं आला नि गेला. यादवी युद्धासाठी १८६२ साली परत बसला तो मात्र राहिला. सुरुवातीला गॅलनमागे वीस सेंट होता, १८६५ पर्यंत दोन डॉलर झाला. युद्ध संपल्यावर केंद्र सरकारची माणसं ॲपलाचियन डोंगरांत भट्ट्या फोडत फिरू लागली. आजोबांपासून उघड्यावर चाललेलं काम नातवाच्या हयातीत गुन्हा झालं. मका त्याचाच, पाणी त्याचंच, तांब्याची भट्टीही त्याचीच. या माणसाला 'हातभट्टीवाला' म्हटलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतरचं चित्र येतं : नवसागर, काळा गूळ, टायरच्या ट्यूबमधून जाणारा माल. ते चित्र खरं आहे, पण ते बंदीतून जन्मलं. डोंगरातली भट्टी बंदीच्या कितीतरी आधीची.

करवसुलीच्या माणसांना कथेत 'रेव्हेन्यूअर' म्हटलं असेल, तर 'आबकारीवाले' करा. मुंबई इलाख्यात १८७८ साली आबकारी कायदा आला, तेव्हापासून हा शब्द खेड्यापाड्यांत याच अर्थाने, याच धास्तीने बोलला गेला. 'उत्पादन शुल्क अधिकारी' म्हटलं तर सगळी भीती निघून जाईल.

पाटीपेन्सिल
घाटमाथा, 'आबकारीवाले' घेतलाच. पण मग ब्लॉकेडर? कथेतली आजी कायम 'ब्लॉकेडर'च म्हणते, शेरीफ आणि बातमीदार 'मूनशाइनर' म्हणतात. हा फरक जाणूनबुजून केलेला असावा का?

घाटमाथा
हो, आणि तुमच्या लेखकाला ती बोली पक्की माहीत आहे. होरेस केफार्ट नावाचा ग्रंथपाल नॉर्थ कॅरोलिनाच्या स्मोकी डोंगरांत जाऊन राहिला आणि १९१३ साली त्याने तिथल्या लोकांवर पुस्तक लिहिलं. डोंगरातली माणसं स्वतःला मूनशाइनर म्हणत नाहीत, असं त्याने नोंदवलं. गाळणारा तो ब्लॉकेडर आणि त्याची दारू ती ब्लॉकेड, जणू नाकेबंदी चुकवून आणलेला माल. 'मूनशाइनर' हा बाहेरच्यांचा शब्द, वर्तमानपत्रांचा आणि कादंबऱ्यांचा.

आणि या बाहेरच्या शब्दाने फार नुकसान केलं. लुईस रेडमंडचं उदाहरण घ्या. कॅरोलिनांच्या सीमेवरच्या या माणसाने १८७६ साली पकडायला आलेल्या डेप्युटी मार्शलला गोळी घातली. तो पकडला जाण्याआधीच त्याच्यावर स्वस्तातली रोमांचक कादंबरी निघाली होती. पुढे १८८४ साली राष्ट्राध्यक्ष आर्थरने त्याला माफी दिली, पण तोवर लोकांच्या मनातला रेडमंड छापखान्यात तयार झालेला होता. मग मासिकांतल्या कथा आल्या आणि १९३४ साली तर वर्तमानपत्रांतल्या दोन लोकप्रिय चित्रपट्ट्यांमध्ये (कॉमिक स्ट्रिपमध्ये) डोंगरी माणूस स्थिरावला : दाढी वाढलेला, अनवाणी, आळशी, काखोटीला मातीचा बुधला. जो माणूस थंडीत रात्रभर पाठीवरून साखरेची पोती चढवून आचेवर डोळा ठेवून बसतो, त्याला आळशी ठरवणारं हे चित्र. माउंटन ड्यू हे डोंगरातल्या दारूचंच एक जुनं नाव. ते १९४०च्या दशकात टेनेसीतल्या नॉक्सव्हिलमध्ये एका शीतपेयाला दिलं गेलं आणि सुरुवातीच्या बाटल्यांवर हाच डोंगरी माणूस होता. आज ती बाटली आपल्याकडच्या कुठल्याही पानटपरीवर मिळते.

तेव्हा आजीच्या तोंडी 'ब्लॉकेड' असेल तिथे मी 'आपला माल', 'घरची' किंवा नुसतं 'मक्याची' असं काही म्हणीन. ज्या घरात ती गाळली जाते तिथे तिला गुन्ह्याचं नाव कशाला असेल? शेरीफ बोलतो तिथे 'चोरटी दारू', बातमीत 'मूनशाइन' तसाच. एकाच वस्तूला तीन नावं मराठीतही तीन तोंडांतून ऐकू आली पाहिजेत. बूटलेगर वेगळा, तो विकणारा. बुटाच्या उंच गळ्यात चपटी बाटली लपवायची, त्यावरून आलेला शब्द. माल गाडीतून नेणारा तिसराच, त्याला 'ट्रिपर' किंवा 'रनर' म्हणत. मराठीत 'खेप मारणारा' चपखल बसतं. या खेपा मारणाऱ्यांतूनच पुढे मोटारशर्यतींचे शर्यतपटू निघाले. नॉर्थ कॅरोलिनाच्या विल्क्स काउंटीतला ज्युनियर जॉन्सन १९५६ साली वडिलांच्या भट्टीवर पकडला गेला, अकरा महिने तुरुंगात राहिला, आणि त्याला १९८६ साली राष्ट्राध्यक्ष रेगनने माफी दिली.

रानवारा
पटलं, 'गावठी' मागे घेतो. एक मात्र सुचवतो. उत्तम दारूसाठी आपल्याकडे 'पहिल्या धारेची' आहे. तो तरी वापरता येईल ना?

घाटमाथा
तिथे जपून, कारण अर्थ उलटा होतो. आपल्याकडे 'पहिल्या धारेची' म्हणजे कडक आणि अस्सल. डोंगरातल्या जुन्या पद्धतीत पहिल्या गाळणीत जे निघतं ते 'सिंगलिंग्ज' : कमजोर आणि गढूळ. ती गोळा करून भट्टीत परत घालायची, दुसऱ्यांदा गाळायची, आणि मग पिण्याजोगी व्हिस्की. त्याला 'डबलिंग' म्हणत. त्या दुसऱ्या गाळणीतही सुरुवातीला येणारा उग्र भाग वेगळा काढून टाकायचा. कथेतला म्हातारा 'सिंगलिंग्ज' चाखून थुंकतो आणि अनुवादात तो 'पहिल्या धारेची' थुंकतो, असं झालं तर मराठी वाचक गोंधळेल.

याला खरी जोडी गोव्यात आहे. काजूच्या बोंडांचा रस आंबवून पहिल्यांदा गाळला की उर्राक, तो परत गाळला की फेणी. उर्राक सौम्य, फेणी कडक. ते शब्द काजूचे असल्यामुळे व्हर्जिनियात नेता येणार नाहीत, पण 'एकदा गाळलेली' आणि 'दोनदा गाळलेली' असं साधं म्हटलं तरी भागतं.

बाकी वस्तूंचं सोपं आहे. 'स्टिल' म्हणजे भट्टी. 'वर्म' म्हणजे थंड पाण्याच्या पिंपातून वळसे घेत जाणारी तांब्याची नळी. तिला अळी किंवा किडा म्हणू नका, 'वेटोळी नळी' म्हणा. 'मॅश' म्हणजे मक्याचं पीठ, माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) आणि पाणी यांचं आंबवण. आपल्या पोलिसी बातम्यांतलं 'कच्चं रसायन' इथे नको. 'बीड' शब्द आला तर 'मणी' करा. बाटली हलवून वर येणारे बुडबुडे पाहायचे. मोठे आणि लगेच फुटणारे मणी म्हणजे दारू कडक, बारीक आणि टिकून राहणारे म्हणजे फिकी. जाणकार माणूस तोंडाला लावण्याआधी मणी बघूनच भाव सांगायचा.

पाटीपेन्सिल
'मणी' किती नेमका आहे! आता राहिलं 'अराजक'. कथा फ्रँकलिन काउंटीत घडते, म्हणजे तिथल्या दारूच्या कटाच्या १९३५च्या खटल्याची पार्श्वभूमी असणार.

घाटमाथा
मग 'अराजक' अजिबात नको. अराजकात राजा नसतो, राज्य कोसळलेलं असतं. फ्रँकलिन काउंटीत राज्य पुरेपूर हजर होतं, आणि हिस्सा घेत होतं. सरकारी पक्षाचा आरोप असा होता की काउंटीतल्या अधिकाऱ्यांनीच गाळणाऱ्यांकडून भट्टीमागे आणि खेपेमागे ठरलेली रक्कम गोळा करायची व्यवस्था बसवली होती. त्या रकमेला तिथे 'ग्रॅनी फी' म्हणत. मराठीत तिला एकच शब्द आहे : हप्ता. देणाऱ्याला रस्ता मोकळा, न देणाऱ्याची भट्टी फुटली. भट्टी फोडल्याची नोंद सरकारदरबारी, म्हणजे कायदा चालू असल्याचा पुरावाही तयार.

व्याप केवढा होता ते खटल्यात आलेल्या मालाच्या हिशेबावरून कळतं. १९३० ते १९३५ दरम्यान, साधारण चोवीस हजार वस्तीच्या त्या काउंटीत तीन कोटी अडतीस लाख पौंडांच्या आसपास साखर उतरली. दर माणशी चौदाशे पौंड. यीस्टची गणती टनांमध्ये. हे सगळं आगगाडीने आणि ट्रकांनी, दिवसाढवळ्या, पावत्यांसकट आलं. अमेरिकेतल्या दारूबंदीत मागणी इतकी वाढली की मका मागे पडला आणि साखरेची दारू सुरू झाली. जुनी माणसं तिला नावं ठेवत. ऑक्टोबर १९३४मध्ये यात गुंतलेल्या एका डेप्युटी शेरीफचा, तो साक्षीला उभा राहण्याआधीच, गोळ्या घालून खून झाला. खटल्यात बरेच जण दोषी ठरले, पण आरोपींतला काउंटीचा सरकारी वकील कार्टर ली निर्दोष सुटला. पुढच्या वर्षी ज्युरीवर दबाव आणल्याबद्दल वेगळा खटला भरावा लागला. कादंबरीकार शेरवुड अँडरसन हा खटला ऐकायला गेला होता. दारूच्या गाड्यांपुढे वाट दाखवत गाडी हाकणाऱ्या विली कार्टर शार्प या बाईंची साक्ष तिथे झाली, आणि १९३६च्या त्याच्या कादंबरीची नायिका अशीच दारूची गाडी चालवणारी बाई आहे.

आता शब्द. १७९४च्या पेनसिल्व्हेनियाला 'बेबंदशाही' शोभेल, तिथे लोक उघड उठले होते. 'अनागोंदी' म्हटलं की ढिसाळ कारभार वाटतो आणि इथला कारभार तर चोख होता. फ्रँकलिनसाठी मी एकाच शब्दाच्या मागे लागणार नाही. जिथे लेखक 'लॉलेसनेस' म्हणतो, तिथे कोण बोलतंय ते पाहून 'इथे कायदा विकत मिळतो' किंवा 'हप्त्याचं राज्य' असं वाक्यात मोकळं करीन. दारूबंदीच्या अंमलबजावणीची चौकशी करायला केंद्र सरकारने नेमलेल्या विकरशॅम आयोगासाठी केलेल्या पाहणीत असं लिहिलं गेलं की या काउंटीत शंभरांतली नव्याण्णव माणसं दारू गाळतात किंवा त्या धंद्याशी जोडलेली आहेत. शंभरांतल्या नव्याण्णवांना गुन्हेगार ठरवणारं वाक्य लिहिणं सोपं होतं. मंदीत मक्याला भाव नाही, तंबाखूला भाव नाही आणि दाराशी हप्ता मागणारा उभा आहे, हे त्यात मावत नव्हतं. तुमच्या अनुवादात ते मावलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

पाटीपेन्सिल
शेवटचा एक प्रश्न. कथेत एक पात्र 'रेडिएटर व्हिस्की' पिऊन आजारी पडतं. तळटीप द्यावी लागेल?

घाटमाथा
तळटीप नको, वाक्यातच उलगडा. साखरेच्या दिवसांत घाईने माल काढणारे काही जण तांब्याच्या वेटोळ्या नळीऐवजी जुन्या मोटारीचा रेडिएटर जोडायचे. त्याच्या सांध्यांना शिशाचा डाग दिलेला असायचा आणि ते शिसं दारूत उतरायचं. 'मोटारीच्या रेडिएटरमधून काढलेली, शिसं उतरलेली दारू' एवढं एकदा लिहा, पुढे नुसतं 'रेडिएटरची' पुरेल. 'विषारी दारू' लिहिलं तर वाचक मिथेनॉलच समजेल, कारण आपल्या बातम्यांत त्या शब्दाचा अर्थ तोच झाला आहे.