मदत हवी आहे: बी.फार्म. प्रोजेक्टसाठी नागपुरात बाहेरच्या लॅबमध्ये एचपीएलसी

आठव्या सेमिस्टरचा प्रोजेक्ट. इलेक्टिव्ह हर्बल क्वालिटी कंट्रोल, म्हणून विषय घेतला संत्र्याच्या सालीतलं हेस्पेरिडिन (फ्लॅव्होनॉइड या वनस्पतिजन्य रसायनांच्या गटातलं एक), आंबिया आणि मृग बहाराची (संत्र्याच्या दोन हंगामांची) तुलना. आम्ही पाच जण, म्हणजे पीसीआयच्या (फार्मसी कौन्सिल ऑफ इंडिया) नियमाने गटाची कमाल मर्यादा. आंबियाच्या साली कळमना मार्केटमधून आणून सावलीत वाळवून डब्यात भरल्यात (होस्टेलची खोली अजून घमघमतेय), मृगाच्या आता गोळा करतोय. एक्स्ट्रॅक्शनही जमलं.

अडलंय ते एचपीएलसीवर (अर्कातले घटक वेगळे करून एकेक मोजायची पद्धत). कॉलेजचं मशीन बंद आहे. गाईड म्हणतात, यूव्हीवर (अर्क अतिनील प्रकाश किती शोषतो, त्यावरून मोजणं) भागवा. पण कच्च्या अर्कातले बाकीचे फ्लॅव्होनॉइडही त्याच पट्ट्यात शोषण दाखवतात, मग आकड्याला अर्थ काय?

तीन सरकारी संस्थांना मेल केले. दोघांचं उत्तर नाही. तिसरीकडे प्रत्यक्ष गेलो, तर गेटवरच "ट्रेनिंगला सहा महिने लागतात" म्हणाले. आम्हाला ट्रेनिंग नकोच, साधारण वीस सॅम्पल चालवून हवेत. खाजगी लॅबचा दर सॅम्पलमागे आहे, तो झेपत नाही. सर्टिफिकेट, स्टायपेंड काही नको. सोमवार ते शुक्रवार दुपारी तीननंतर आणि शनिवारी पूर्ण वेळ येऊ शकतो. नागपूरबाहेर जमणार नाही. प्राचार्यांचं पत्र मिळेल, सामंजस्य करार मात्र नाही.

ज्यांनी असं केलंय त्यांना विचारायचंय: फक्त सॅम्पल टेस्टिंगसाठी विद्यार्थी दराने अर्ज नेमका कोणाच्या नावे करायचा, संचालक की विभागप्रमुख? आणि पत्रात बाहेरच्या शास्त्रज्ञांना को-गाईड दाखवलं तर काम लवकर होतं, की उलट अडकतं?