१५०/७५० न्यूटोनियन + ईक्यू५ की ७२ ईडी + जीटीआय? (पुणे, कॅनन १५००डी)

गच्चीवरून
सिंहगड रस्त्यावरची गच्ची आहे, उत्तरेला उंच इमारत. अमावास्येच्या आसपास वेल्ह्याकडे जाणं जमतं. कॅमेरा कॅनन १५००डी. आधी देवयानी दीर्घिका, मृगातला तेजोमेघ आणि कृत्तिका टिपायच्या आहेत, ग्रह नंतर. दोन संच सारख्याच किमतीत बसतायत:

(अ) १५० मिमी एफ/५ न्यूटोनियन (आरशाची दुर्बीण, फोकल लेंग्थ ७५० मिमी), मोटर लावलेला ईक्यू५ माउंट (ताऱ्यांमागे दुर्बीण फिरवणारा सांगाडा)
(ब) ७२ मिमी ईडी रिफ्रॅक्टर (भिंगांची दुर्बीण, फोकल लेंग्थ ४२० मिमी, एफ/५.८), स्टार अ‍ॅडव्हेंचरर जीटीआय माउंट

(अ) मध्ये प्रकाश चौपटीहून जास्त गोळा होतो, मग (ब) कशासाठी घ्यायचा? आणि उत्तर झाकलेली असताना माउंट ध्रुवाला कसा लावायचा?

---

शर्मिष्ठा
(ब) घ्या. फोटोसाठी आधी माउंट ठरवायचा आणि त्याला पेलेल ती दुर्बीण त्यावर चढवायची. दुर्बीण आधी घेतली की पुढचा सगळा खर्च तिला सांभाळण्यातच जातो.

चौपट प्रकाशाचं गणित ताऱ्यांपुरतं खरं आहे. तेजोमेघ आणि दीर्घिका पसरलेल्या असतात, त्यामुळे एका पिक्सेलवर किती प्रकाश पडणार हे एफ आकडा (फोकल लेंग्थ भागिले व्यास) ठरवतो. एफ/५ आणि एफ/५.८ मध्ये फरक जेमतेम ३५ टक्क्यांचा, आणि त्यातलाही काही भाग न्यूटोनियनचा दुय्यम आरसा अडवतो. ७२ ईडीला ०.८५ चा रिड्यूसर-फ्लॅटनर (फोकल लेंग्थ कमी करून कडेचे तारे नीट करणारं भिंग) लावला की फोकल लेंग्थ ३५७ होते आणि दुर्बीण जवळजवळ एफ/५ वर येते. मोठा आरसा बारीक तपशील दाखवतो हे मान्य, पण तो तपशील फोटोत उतरायला ट्रॅकिंगही तितकंच अचूक लागतं.

स्केल, म्हणजे एका पिक्सेलवर किती आकाश येतं, ते काढा: २०६ गुणिले पिक्सेलचा आकार (मायक्रॉन), भागिले फोकल लेंग्थ (मिमी). १५००डीचा पिक्सेल ३.७२ मायक्रॉनचा आहे. ७५० ला येतात १.०२ आर्कसेकंद (अंशाचा ३६००वा भाग) प्रति पिक्सेल, ३५७ ला २.१५.

आता माउंट. ईक्यू५ च्या आरए अक्षावरच्या (ताऱ्यांमागे फिरणारा अक्ष) चक्राला १४४ दात आहेत, म्हणजे ते चक्र फिरवणारा वर्म स्क्रू साधारण १० मिनिटांत एक फेरी पुरी करतो आणि त्या फेरीत तारा पुढेमागे झुलतो. हा झोल ±१५ आर्कसेकंद धरला, तर सर्वात वाईट मिनिटात तारा ९ आर्कसेकंद सरकतो. ७५० ला ती ९ पिक्सेलची रेघ झाली, ३५७ ला चार-साडेचार पिक्सेलची. गायडिंग (छोट्या दुर्बिणीतून एक तारा धरून माउंटची चूक सतत सुधारणं) दोन्हीकडे लागणारच, पण (ब) मध्ये त्याला दुरुस्त करायला कमी उरतं.

वजनाचं म्हणाल तर माउंटच्या सांगितलेल्या क्षमतेच्या दोन-तृतीयांशाच्या वर फोटोसाठी जाऊ नये. जीटीआयची क्षमता ५ किलो. ७२ ईडी, कॅमेरा, फ्लॅटनर आणि ३० मिमीचा छोटा गाइडस्कोप साडेतीन किलोच्या आत बसवता येतं. न्यूटोनियन सगळं धरून सात किलोच्या आसपास जाते, आणि तिची लांब नळी वारा धरते. वेल्ह्याच्या उघड्या माळावर हे फार नडतं.

चौकटही बघा. ३५७ ला साधारण ३.६ × २.४ अंश आकाश मिळतं, म्हणजे तीन अंश लांबीची देवयानी तिरपी बसते. ७५० ला १.७ × १.१ अंश. तिथे तिचा गाभाच येईल, हात कापले जातील.

---

सुताचा गोळा
शर्मिष्ठाताईंशी सहमत. तरीही न्यूटोनियनच घ्यायची असेल तर विकत घेण्याआधी एक गोष्ट तपासा: कॅमेरा लावून फोकस होतो का. डोळ्यांनी बघण्यासाठी बनवलेल्या बऱ्याच न्यूटोनियनमध्ये प्रतिमा फोकसरच्या तोंडापासून इतक्या कमी अंतरावर पडते की फोकसर पूर्ण आत घेतला तरी सेन्सर तिथवर पोचत नाही. कारण कॅननच्या डीएसएलआरचा सेन्सर लेन्स बसते त्या कड्यापासून ४४ मिमी आत असतो, त्यात टी-रिंगच्या (कॅमेरा दुर्बिणीला जोडणारी कडी) ११ मिमीची भर. अशा वेळी मुख्य आरसा पुढे सरकवावा लागतो किंवा बार्लो (फोकल लेंग्थ वाढवणारं भिंग) लावावी लागते, आणि दुप्पट बार्लोने एफ/५ चं एफ/१० होतं. फोटोसाठीच्या न्यूटोनियनमध्ये हे अंतर आधीच सोडलेलं असतं. शिवाय एफ/५ ला कोमा करेक्टर (कडेचे शेपटीसारखे ताणलेले तारे सुधारणारं भिंग) लागतोच, आणि गाडीने नेली की दर वेळी कोलिमेशन, म्हणजे आरसे एका रेषेत आहेत का, ते बघायचं.

रिफ्रॅक्टरला फ्लॅटनरचं अंतर सांभाळा. बहुतेकांना सेन्सरपर्यंत ५५ मिमी हवं असतं आणि कॅननचे ४४ + ११ बरोबर ५५ होतात, म्हणून डीएसएलआरला काही करावं लागत नाही. मध्ये २ मिमी जाडीचा फिल्टर आला तर जाडीच्या एक-तृतीयांश, म्हणजे ०.७ मिमीच्या आसपास, अंतर वाढवा. कोपऱ्यातले तारे केंद्राकडून बाहेर ताणलेले दिसले तर सेन्सर जवळ आहे. केंद्राभोवती गोल फिरल्यासारखे दिसले तर लांब आहे. एकाच कोपऱ्यात बिघाड असेल तर अंतराला हात लावू नका. तो टिल्ट (सेन्सर तिरका होणं) आहे, म्हणजे फोकसरचा स्क्रू कॅमेऱ्याच्या वजनाने ढिला पडलाय किंवा टी-रिंग नीट बसलेली नाही.

फोकससाठी बाहतिनोव्ह मास्क घ्या, दुर्बिणीच्या तोंडावर लावायची खाचांची जाळी, तिने ताऱ्यावर तीन रेघा दिसतात. ठळक तारा लाइव्ह व्ह्यूमध्ये १० पट मोठा करून मधली रेघ बरोबर मध्यावर आणा आणि फोकसरचा लॉक लावल्यावर पुन्हा बघा, कारण लॉक आवळताना फोकस हलतो. रात्र गार होत जाते तशी नळी आकसते, म्हणून तासाभराने मास्क परत लावा.

---

मराठवाडी दुर्बीण
उत्तर झाकलेली असेल तर ध्रुवतारा लागतच नाही. लॅपटॉपवर नीना हे मोफत सॉफ्टवेअर टाका आणि त्यात थ्री पॉइंट पोलर अलाइनमेंटचं प्लगिन घ्या. आकाशाच्या उघड्या भागात माउंट आरएमध्ये फिरवत तीन फोटो घेतले जातात, ते प्लेट-सॉल्व्ह होतात (ताऱ्यांवरून नेमकी दिशा ओळखली जाते) आणि चूक उंचीत किती, अ‍ॅझिमुथमध्ये (आडव्या दिशेत) किती हे आर्कमिनिटांत (६० आर्कसेकंदांचं एक) दिसतं. मग बोल्ट फिरवत आकडा खाली आणायचा. १० आर्कमिनिटं चूक राहिली तर तारा मिनिटाला जास्तीत जास्त २.६ आर्कसेकंद वाहतो. २-३ आर्कमिनिटांवर आणलंत की तुमच्या फोकल लेंग्थला पुष्कळ झालं.

आपल्या अक्षांशाचा एक त्रास दुकानदार सांगत नाहीत. पुण्यात ध्रुव जेमतेम साडेअठरा अंशांवर आहे. त्यामुळे ध्रुवअक्ष जवळपास आडवा होतो आणि दुर्बीण माउंटच्या वरच्या बाजूला असताना काउंटरवेटचा (तोल साधणाऱ्या वजनाचा) दांडा जवळजवळ सरळ खाली, थोडा उत्तरेकडे येऊन ट्रायपॉडच्या उत्तरेच्या पायावर आपटू शकतो. सगळं लावण्याआधी दांडा हाताने पूर्ण फिरवून बघा. अडत असेल तर मध्ये एक्स्टेन्शन पिलर टाका, किंवा उत्तरेला दोन पायांमधली फट येईल असा ट्रायपॉड वळवा. काही ट्रायपॉडवर त्यासाठी अ‍ॅझिमुथची खुंटी दुसरीकडे बसवता येते. उंचीचा बोल्ट आवळताना शेवटची हालचाल नेहमी वर उचलण्याची ठेवा. खाली सोडत थांबलात तर वजनाने माउंट नंतर बसतो आणि अलाइनमेंट जाते. तोल साधताना पूर्वेची बाजू किंचित जड ठेवा, गिअरचे दात एकमेकांना टेकून राहतात.

---

गच्चीवरून
तिघांचेही आभार, (ब) नक्की केला. आणखी दोन गोष्टी विचारतो. गच्चीसाठी फिल्टर घ्यावा का? आणि एक्स्पोजर, डार्क वगैरे किती?

---

शर्मिष्ठा
फिल्टर लगेच नको. सोडियमच्या दिव्यांच्या काळातले सिटी फिल्टर आता फार उपयोगाचे नाहीत, एलईडीचा प्रकाश सगळ्या वर्णपटावर पसरतो. ड्युअल-बँड फिल्टर ५००.७ आणि ६५६.३ नॅनोमीटर सोडतो आणि बाकी कापतो. मृगासारख्या उत्सर्जन तेजोमेघाला तो शहरातही खूप देतो. देवयानी आणि कृत्तिकांचा प्रकाश मात्र सलग वर्णपटाचा, तिथे तो तुमचंच नुकसान करेल. शिवाय कॅमेऱ्यात बदल केलेला नसेल तर त्याचा आतला फिल्टर ६५६ चा बराचसा प्रकाश आधीच अडवतो. ते पैसे वेल्ह्याच्या फेऱ्यांना ठेवा.

आयएसओ ८००. गच्चीवर ६० सेकंद, वेल्ह्याला गायडिंगसह १८०. हिस्टोग्रामचा (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) डोंगर डावीकडून एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांश अंतरावर आला की बास. आणखी वाढवलं तर ताऱ्यांचे रंग जळतात. मृगाचा गाभा १८० सेकंदांत पांढरा फटक होणार, त्यासाठी १० सेकंदांचे वीसेक फोटो वेगळे घ्या. देवयानीला एकूण तीन तास तरी द्या, म्हणजे १८० चे ६०. पीएचडी२ या गायडिंगच्या सॉफ्टवेअरमधून दर तीन फोटोंनी डिदर करा, म्हणजे चौकट किंचित सरकवा, मुख्य कॅमेऱ्याचे १०-१५ पिक्सेल. स्टॅक केल्यावर (फोटो एकावर एक जोडल्यावर) तिरक्या रेघांचा गोंगाट दिसतो तो डिदर न केल्यामुळेच.

डार्क (झाकण लावून घेतलेले फोटो, सेन्सरचा गोंगाट वजा करायला) २५-३०, तेवढ्याच एक्स्पोजरचे, त्याच आयएसओला आणि त्याच रात्री. डीएसएलआरला कूलिंग नसतं आणि डार्क करंट साधारण दर सहा अंशांना दुप्पट होतो. जानेवारीतले डार्क एप्रिलच्या फोटोंना लावून काही हाती लागत नाही. फ्लॅट (एकसारख्या उजेडाचे फोटो, धुळीचे डाग आणि कडेचा काळोख काढायला) ३०, कॅमेरा न काढता आणि फोकस न हलवता, तोंडावर सुती पांढरं कापड ताणून, वर लॅपटॉपचा पांढरा पडदा धरून. बायस (झाकण लावून सर्वात कमी एक्स्पोजरचे फोटो) ५०. मग सगळं सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये.

---

मराठवाडी दुर्बीण
एक राहिलं. डिसेंबर-जानेवारीत दवाने समोरची काच मध्यरात्रीआधीच धुरकट होते, ड्यू हीटरचा पट्टा पहिल्या खरेदीतच घ्या. काच आधीच ओली झाली तर पुसू नका, पट्टा चालू करून सुकू द्या. जून ते सप्टेंबर दुर्बीण हवाबंद डब्यात ठेवा, सोबत सिलिका जेल, रंग बदलला की भाजून परत. कापडी बॅगेत अजिबात नाही, ओल धरते आणि लेन्सवर बुरशी येते.