ख्रिसमसचा भुताटकी-विनोदी सिनेमा सुचवा, गच्चीवर बघायचाय

जुळेसोलापूरकर
मंडळी, २५ डिसेंबरला आमच्या गच्चीवर प्रोजेक्टर लावतोय. भावंडं, आठ ते चौदा वर्षांची पोरं आणि एक काकू. ख्रिसमसचाच सिनेमा हवा, पण गोग्गोड नको. थोडी भीती, जास्त हसू, भूत खोटं वाटलं तरी चालेल. खरं तर खोटंच वाटावं.

शेंगाचटणी
डोळे झाकून 'ग्रेमलिन्स' लावा. १९८४, दिग्दर्शक जो डान्टे. मऊसूत प्राणी, तीन नियम: लख्ख उजेड नको, पाणी नको, मध्यरात्रीनंतर खायला नको. तिन्ही मोडतात, हे सांगायला नकोच. सगळ्या बाहुल्या आहेत, कॉम्प्युटरची करामत नाही, त्यामुळं आजही मजा येते. हिरोची आई स्वयंपाकघरात एकाला मिक्सरमध्ये घालते, दुसऱ्याला मायक्रोवेव्हमध्ये. काकू उठून टाळ्या वाजवतील, लिहून देतो. फक्त मधे एक मुलगी घराचं धुराडं आणि सँटाबद्दल काहीतरी सांगते. सँटावर विश्वास असलेलं लेकरू असेल तर तेवढ्यात त्याला खाली पाणी आणायला पिटाळा.

बाळीवेस_बॉय
तात्या विंचू असताना परदेशी बाहुल्या कशाला बे? 'झपाटलेला' लाव, १९९३ चा, लक्ष्या आणि पाध्यांची बाहुली, विषय संपला.

शेंगाचटणी
मान्य, पण त्यात ख्रिसमस कुठाय? तो आपल्या सिद्धेश्वराच्या, गड्ड्याच्या यात्रेला लावू.

हुरडा_पार्टी
पोरं झोपल्यावरचं सांगतो. 'जॅक फ्रॉस्ट', १९९७. खुनी माणूस रसायनात विरघळून बर्फाचा बाहुला होतो आणि गावभर माणसं मारत सुटतो. बर्फ बघून थर्माकोलच आठवतो, गावकरी हेअर ड्रायर घेऊन त्याच्यावर चाल करून जातात. आम्ही लोळलोय. पण नीट बघून लावा, बाथरूमचा एक प्रसंग पोरांसमोर अजिबात नको. याच नावाचा १९९८ चा मायकल कीटनचा सिनेमा मात्र घरगुती आहे, त्यात बाप मरून बर्फाचा बाहुला होऊन परत येतो. दोन्हींची अदलाबदल झाली तर काकू जन्मभर बोलणार नाहीत.

जुळेसोलापूरकर
बाप रे. बरं झालं सांगितलंत. 'क्रॅम्पस' कसा आहे? चौदावाला मागे लागलाय.

शेंगाचटणी
२०१५ चा. आल्प्सकडच्या लोककथेतला शिंगवाला, वांड पोरांना उचलून नेणारा. भांडकुदळ नातेवाईक एका घरात अडकतात ते पहिलं अर्ध तासच सगळ्यात धमाल, कारण आपल्याही घरात तेच चालतं. बिस्किटाची माणसं मोळे, म्हणजे खिळे, मारायचं यंत्र घेऊन हल्ला करतात तिथं हसाल. पण डब्यातून उडी मारणारा विदूषक पोराला गिळतो, आठ वर्षांच्याला ते जड जाईल. चौदाला चालेल.

बाळीवेस_बॉय
फिनलंडचा 'रेअर एक्स्पोर्ट्स' (२०१०) पण भारी, डोंगरात गाडलेला सँटा उकरून काढतात. पण त्यात नागड्या म्हाताऱ्यांची फौज पळते. काकू आहेत म्हणून नुसतं कळवून ठेवलं.

जुळेसोलापूरकर
😄 ठरलं मग. आधी 'ग्रेमलिन्स', मग जेवण, लहान पोरं खाली गेली की 'क्रॅम्पस'. पडद्याला पांढरी चादरच घेतोय, आपली नक्षीची सोलापुरी लावली तर भूत फुलाफुलांचं दिसायचं.

हुरडा_पार्टी
चादर चारी टोकांना बांध, रात्री गच्चीवर वारं सुटतं. आणि स्पीकर मोठा हवा, पोरांच्या कालव्यात काही ऐकू येत नाही. माझा आणतो, बसायला जागा ठेव.